वाचकांचे प्रश्न : शोधनिबंधातील संदर्भ

शोधनिबंध आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून संदर्भ, अवतरणे आणि संदर्भसूची यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी ज्या शंका वारंवार विचारल्या गेल्या, त्यांची उत्तरे या अंकात देत आहे.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात शिकते. निबंधाच्या एका प्रकरणासाठी मी एका ग्रंथाचा बराच आधार घेतला. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला नाही. प्रत्येक वाक्य माझ्या शब्दांत लिहिले आणि शेवटी संदर्भसूचीत ग्रंथाचे नावही दिले. तरीही हे वाङ्मयचौर्य ठरेल, असे मार्गदर्शकांनी सांगितले. माझे काय चुकले?

उत्तर : तुमच्या मनात लपवाछपवी नव्हती, हे पत्रावरून स्पष्ट दिसते, पण मार्गदर्शकांचे म्हणणे योग्य आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, मूळ ग्रंथात असे वाक्य आहे : ‘वृत्तपत्रे वाढली तशी वाचकांची संख्या वाढली, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचण्याची पद्धत बदलली, एकच ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचणारा माणूस रोज नवा मजकूर एकदाच वाचू लागला.’ आता विद्यार्थ्याच्या निबंधात हे वाक्य पुढील रूपात येते : ‘वर्तमानपत्रांची वाढ झाल्यावर वाचकवर्ग वाढला, परंतु त्यापेक्षा महत्त्वाची बाब म्हणजे वाचनाची रीत पालटली, एकाच पुस्तकाचे वारंवार वाचन करणारी व्यक्ती दररोज नवीन मजकूर एकदाच वाचू लागली.’ शब्द जवळजवळ सगळे बदलले आहेत, पण वाक्याची बांधणी, विचारांचा क्रम, ‘त्याहून महत्त्वाचे’ हा निवाडा आणि शेवटचे उदाहरण हे सारे मूळ लेखकाचे आहे. प्रतिशब्द शोधण्याचे श्रम तेवढे विद्यार्थ्याचे. अशा लेखनाला ‘माझ्या शब्दांत’ म्हणता येत नाही.

तोच विचार खऱ्या अर्थाने स्वतःच्या शब्दांत असा येईल : ‘अमुक लेखकाच्या मते वृत्तपत्रांचा मुख्य परिणाम वाचकसंख्येवर नव्हे, तर वाचनाच्या सवयीवर झाला आणि पुनर्वाचन मागे पडले (आडनाव, वर्ष, पृ. ४५). मात्र धार्मिक ग्रंथांचे नित्यपठण याच काळात चालू राहिले होते का, याचा विचार या विवेचनात आलेला नाही.’ येथे पहिल्या वाक्याच्या आरंभीच लेखकाचा उल्लेख आहे, वाक्याच्या शेवटी पृष्ठक्रमांक आहे आणि त्यापुढील शंका निबंधकाराची स्वतःची आहे. दुसऱ्याचा विचार कोठे सुरू झाला, कोठे संपला आणि तुमचा कोठून सुरू झाला, हे वाचणाऱ्याला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. परिच्छेदाच्या अगदी शेवटी एकच कंस टाकला, तर तो शेवटच्या वाक्यापुरता आहे की साऱ्या परिच्छेदाला लागू आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. आणि केवळ निबंधाच्या शेवटी ग्रंथाचे नाव दिले, तर कोणती ओळ कोणाची, याचा उलगडा कधीच होत नाही. संदर्भसूचीत नाव आहे म्हणजे मजकुरातील ऋणनिर्देश झाला, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. सूची आणि मजकुरातील निर्देश या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत : मजकुरात ज्याचा निर्देश आहे ते सूचीत असावे आणि सूचीत जे आहे त्याचा मजकुरात कोठेतरी निर्देश असावा. वाचले पण वापरले नाही, अशा ग्रंथांची यादी द्यायची असल्यास ती वेगळ्या शीर्षकाखाली द्यावी.

हे सुधारण्याचा उपाय टिपणे काढण्याच्या वेळीच करावा लागतो. उतारा वाचून ग्रंथ मिटवा, त्यातला विचार दोन-तीन वाक्यांत लिहा आणि मग ग्रंथ उघडून ताडून पाहा. लेखकाचा एखादा शब्दप्रयोग टाळताच येत नसेल, तर तेवढ्याला अवतरणचिन्हे द्या. टिपणवहीत लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, तुमचा सारांश चिन्हांशिवाय आणि तुमची मते वेगळ्या शाईत लिहिण्याची शिस्त पाळा. पृष्ठक्रमांक त्याच क्षणी नोंदवा. सहा महिन्यांनी त्या वहीवरून प्रकरण लिहायला बसल्यावर कोणते वाक्य कोणाचे होते, हे आठवणीने सांगणे कोणालाही जमत नाही. अनवधानाने घडणारे बहुतेक वाङ्मयचौर्य असे टिपणांतच रुजलेले असते.

प्रश्न : एका अलीकडच्या लेखात जुन्या संशोधनातील एक निष्कर्ष उद्धृत केला आहे. मूळ लेख मला मिळाला नाही. मी संदर्भसूचीत थेट मूळ लेखच दिला तर चालेल का? निष्कर्ष तर त्याच लेखाचा आहे.

उत्तर : चालणार नाही. एखाद्या लेखाचा निर्देश करताना ‘हे मी वाचले आहे’ असे आपण न बोलता सांगत असतो. जे वाचले नाही त्याचा निर्देश वाचल्यासारखा केला, तर ती वाचकाची दिशाभूल होते. शिवाय मधल्या लेखकाने चूक केली असेल, तर तीच चूक तुमच्या नावावर पुढे जाते.

हा धोका किती खरा आहे, हे एका घटनेवरून कळते. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या आणि ज्यांना आधी व्यसनाचा इतिहास नव्हता त्यांच्यात व्यसन जडल्याची केवळ चार सुस्पष्ट उदाहरणे आढळली, असे त्यात म्हटले होते. रुग्णालयातून घरी गेलेल्या, महिनोन्‌महिने ही औषधे घेणाऱ्या रुग्णांविषयी त्या पत्रात काहीही नव्हते. पुढे मात्र हे पत्र ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ या सरसकट विधानाचा पुरावा म्हणून लेखामागून लेखात दिले जाऊ लागले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या निर्देशांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. एकूण ६०८ निर्देशांपैकी सुमारे ७२ टक्के लेखांनी व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून ते वापरले होते, आणि त्यातील रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते ही गोष्ट सुमारे ८१ टक्के लेखांनी सांगितलीच नव्हती. या औषधांच्या व्यसनाचे जे मोठे संकट उत्तर अमेरिकेत ओढवले, त्याला असे निर्देशही कारणीभूत ठरले, असे त्या विश्लेषकांचे मत होते. मूळ पत्र वाचायला दोन मिनिटेही लागली नसती.

म्हणून आधी मूळ लेख मिळवण्याचा पुरता प्रयत्न करा. ग्रंथपालांना विचारा, एका ग्रंथालयात नसलेला अंक दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. लेख सशुल्क असेल, तर लेखकाने त्याची प्रत आपल्या संस्थेच्या संग्रहात खुली ठेवली आहे का, ते पाहा किंवा लेखकालाच विनंतीपत्र लिहा. एवढे करूनही तो हाती आला नाही, तर मजकुरात मूळ लेखकाचे नाव घेऊन कंसात मधल्या लेखाचा निर्देश करा : ‘(मूळ लेखकाचे आडनाव, वर्ष, उद्धृत, मधल्या लेखकाचे आडनाव, वर्ष, पृ. १२)’. संदर्भसूचीत मात्र तुम्ही प्रत्यक्ष वाचलेला मधला लेखच येईल. असे निर्देश निबंधात दोन-चार असतील तर कोणी बोट ठेवत नाही. पानोपानी ‘उद्धृत’ दिसू लागले, तर वाचन अपुरे राहिले आहे, असे परीक्षक म्हणतील आणि ते रास्तच असेल.

प्रश्न : एपीए, एमएलए, शिकागो, हार्वर्ड, व्हँकूव्हर अशी संदर्भ देण्याच्या पद्धतींची अनेक नावे ऐकतो. यांतली सर्वांत बरोबर पद्धत कोणती?

उत्तर : यांपैकी कोणतीही पद्धत दुसरीपेक्षा अधिक बरोबर नाही. प्रत्येक पद्धतीमागे त्या त्या विद्याशाखेची गरज आहे. मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र यांत निष्कर्ष किती ताजा आहे याला महत्त्व असते, म्हणून एपीए पद्धतीत आडनावाला लागूनच वर्ष येते. साहित्याच्या अभ्यासात ओळ नेमकी कोठे आहे हे शोधावे लागते, म्हणून एमएलए पद्धतीत मजकुरातील कंसात वर्ष न येता आडनाव आणि पृष्ठक्रमांक येतो. इतिहासकाराला दप्तरातील कागद, त्याचा रुमाल (गठ्ठा) क्रमांक, त्यावरील तारीख आणि कधी त्याच्या विश्वसनीयतेविषयी दोन शब्द असे सारे सांगायचे असते. ते कंसात मावत नाही, म्हणून शिकागो पद्धतीतील तळटिपा त्याला सोयीच्या पडतात. वैद्यकात एका विधानामागे पाच-सहा लेख द्यावे लागतात, तेथे व्हँकूव्हर पद्धतीचे सुटसुटीत अनुक्रमांक बरे. नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकूव्हर येथे एकत्र येऊन हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवले, त्यावरून हे नाव पडले. कंसात वर्ष देण्याची रीत, म्हणजेच हार्वर्ड पद्धत, त्याहून पुष्कळ जुनी आहे. हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील निबंधापाशी तिचा उगम शोधला जातो.

तुमच्या संस्थेने किंवा नियतकालिकाने सांगितलेली पद्धत घ्या आणि तिची कोणती आवृत्ती अपेक्षित आहे, तेही विचारून घ्या, कारण नियम बदलत असतात. उदाहरणार्थ, एपीएची सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस आली, तेव्हापासून तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच निर्देशात पहिल्या लेखकाचे नाव आणि पुढे ‘व इतर’ असे लिहिले जाते, आणि सूचीत प्रकाशनस्थळ द्यावे लागत नाही. एपीए पद्धतीत ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचे अवतरण अवतरणचिन्हांशिवाय, समासापासून आत सरकवून, स्वतंत्र परिच्छेद म्हणून द्यायचे असते. शिकागो पद्धतीनेही २०१७ च्या आवृत्तीपासून ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’) या अर्थाच्या संक्षेपाऐवजी लेखकाचे आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक पुन्हा देणे पसंत केले आहे. हा बदल मला मनापासून पटतो. संगणकावर लिहिताना मधे एखादी नवी टीप घातली गेली, की खालचे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते.

संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारी झोटेरो किंवा मेंडेली यांसारखी सॉफ्टवेअर वापरण्यास हरकत नाही. झोटेरो विनामूल्य आहे आणि २०,००० शब्दांच्या प्रबंधात त्याने बराच वेळ वाचतो. मात्र त्याने आपोआप उचललेली माहिती डोळ्यांखालून घालायलाच हवी. संपादकाचे नाव लेखकाच्या जागी पडणे, नियतकालिकाचा अंक क्रमांक गळणे, देवनागरी नावांत नाव आणि आडनाव यांची अदलाबदल होणे, हे नेहमी घडते.

प्रश्न : सर्वांना माहीत असलेल्या गोष्टींनाही संदर्भ द्यावा लागतो का?

उत्तर : नाही. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, याला संदर्भ लागत नाही. आकडेवारी, वादग्रस्त विधान, कोणाचे तरी मत किंवा वर्गीकरण आले, की संदर्भ लागतो. शंका असेल तेथे द्यावा.

प्रश्न : संकेतस्थळावरील मजकुराचा पत्ता निबंधात दिला होता. मौखिक परीक्षेच्या वेळी परीक्षकांनी तो उघडून पाहिला, तर पान सापडलेच नाही. यात माझा दोष कसा?

उत्तर : पान नाहीसे झाले यात तुमचा दोष नाही, पण त्याची तजवीज करणे तुमच्या हाती होते. संकेतस्थळांवरील पत्ते झपाट्याने मरतात. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेले निम्मे पत्ते मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले, आणि त्यांनी तपासलेल्या विधी नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. न्यायालयाच्या निकालपत्राची ही स्थिती असेल, तर विद्यार्थ्याच्या निबंधाची काय सांगावी?

यावर तीन उपाय आहेत. पहिला, लेखाला डीओआय क्रमांक असेल तर संकेतस्थळाच्या पत्त्याऐवजी तोच द्यावा. २००० सालापासून वापरात असलेला हा क्रमांक १० या अंकांनी सुरू होतो आणि तो लेखाला कायमचा चिकटलेला असतो. नियतकालिकाने संकेतस्थळ बदलले, तरी प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवल्यास वाचक योग्य ठिकाणी पोहोचतो. दुसरा, डीओआय नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान स्वतः जतन करून त्या प्रतीचा पत्ता मूळ पत्त्याबरोबर द्यावा; ही सोय सर्वांसाठी खुली आहे आणि तिला मिनिटभर लागते. तिसरा, मजकूर बदलत राहणारा असेल, तर तो कोणत्या तारखेला पाहिला ते लिहावे आणि पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. ‘गूगलवरून’ किंवा ‘इंटरनेटवरून साभार’ हा संदर्भ नव्हे, कारण शोधयंत्राने फक्त रस्ता दाखवलेला असतो. जुन्या नियतकालिकाचा अंक संगणकीय प्रतीत वाचला असेल, तर लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, अंक आणि पृष्ठे हीच मुख्य नोंद. प्रत कोठे मिळाली ते शेवटी सांगावे.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून मी विषयावरील संदर्भांची यादी करून घेतली. नोंदी अगदी व्यवस्थित दिसतात. त्या तशाच वापरू का?

उत्तर : एकही नोंद तशीच वापरू नका. ही साधने शब्दांमागून शब्द जुळवत मजकूर तयार करतात. लेखकाचे नाव, वर्ष, शीर्षक, खंड आणि पृष्ठे यांचा साचा त्यांना उत्तम जमतो, म्हणूनच अस्तित्वात नसलेल्या लेखाची नोंदही खऱ्यासारखी दिसते. २०२३ मध्ये न्यू यॉर्कमधील एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेले, प्रत्यक्षात कधीच न झालेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. न पाहता संदर्भ उचलण्याची खोड मात्र या साधनांहून जुनी आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या सूचनांत संदर्भ कसा लिहावा, याचा नमुना म्हणून ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ या शीर्षकाच्या काल्पनिक लेखाची नोंद दिलेली होती. हा लेख कोणी लिहिलाच नव्हता. तरी त्याचे निर्देश जवळजवळ ४०० लेखांत झाल्याचे २०१७ मध्ये उघडकीला आले.

यादीतील प्रत्येक लेख ग्रंथालयाच्या सूचीत किंवा नियतकालिकाच्या त्या अंकात स्वतः शोधा. सापडला तर वाचा. वाचल्यावर उपयोगी वाटला, तर मगच निर्देश करा आणि तो लेखाचाच करा. भाषा सुधारणे, आराखडा करणे किंवा मजकूर तयार करणे यांसाठी असे साधन वापरले असेल, तर संस्थेच्या नियमानुसार ते उघडपणे नमूद करा. त्याला लेखकाचे स्थान मात्र देता येत नाही; प्रकाशननीतीविषयी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने २०२३ मध्येच स्पष्ट केले आहे की लेखनाची जबाबदारी घेऊ न शकणारे साधन लेखक ठरत नाही.

प्रश्न : मराठी ग्रंथांच्या नोंदी इंग्रजी नियमांत बसवताना अडचणी येतात. जुन्या पुस्तकांवर शक असतो, लेखक टोपणनावाने लिहितात, शिवाय काही लेखिकांची नावे दोन प्रकारे छापलेली आढळतात. काय करावे?

उत्तर : मुखपृष्ठाच्या आतील शीर्षकपानावर जे छापले आहे तेच आधी जसेच्या तसे घ्यावे. टोपणनाव छापले असेल तर नोंद टोपणनावाखाली करावी आणि खरे नाव निश्चित माहीत असल्यास चौकटी कंसात द्यावे. एकाच लेखिकेची पुस्तके दोन नावांनी निघाली असतील, तर प्रत्येक नोंद त्या त्या पुस्तकावरील नावानेच करून एका नावाखाली ‘पाहा’ असा निर्देश करावा. शक वर्ष तसेच ठेवून पुढे इसवी सन द्यावा. शकात ७८ मिळवले की सन मिळतो, पण शक वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने त्याचा शेवटचा भाग पुढच्या इसवी सनात पडतो. म्हणून महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८५० (१९२८-२९)’ असे लिहिणे सुरक्षित. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नये, कारण नव्या आवृत्तीत मजकूर आणि पृष्ठक्रमांक बदललेले असू शकतात. पहिल्या आवृत्तीचे वर्ष आणि तिसरीचे पान अशी सरमिसळ झाली, तर वाचकाला ओळ सापडत नाही. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचे नाव आलेच पाहिजे. परभाषेतील उताऱ्याचा मराठी अनुवाद तुम्ही स्वतः केला असेल, तर ‘अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ असे तेथेच नमूद करावे.

प्रश्न : तपासणीच्या सॉफ्टवेअरने माझ्या निबंधात १८ टक्के साम्य दाखवले. हे वाङ्मयचौर्य आहे का?

उत्तर : आकड्यावरून सांगता येणार नाही. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द दाखवते. त्यात रीतसर अवतरणे, संदर्भसूची आणि शास्त्रीय संज्ञाही मोजल्या जातात. उलट ५ टक्क्यांत एक अख्खा चोरलेला परिच्छेद असू शकतो. अहवालातील प्रत्येक रंगीत ओळ मूळ मजकुराशेजारी ठेवून पाहा. केवळ टक्का उतरावा म्हणून शब्द फिरवत बसू नका, कारण त्यातून पहिल्या प्रश्नातली चूक नव्याने घडते.

प्रश्न : निबंध सादर करण्याच्या बेतात असताना कळले, की मी आधार घेतलेला एक लेख नियतकालिकाने मागे घेतला आहे. आता काय करू?

उत्तर : लेख का मागे घेतला गेला, ते नियतकालिकाच्या निवेदनात वाचा. तुमचा युक्तिवाद त्या लेखातील निष्कर्षावर उभा असेल, तर तो भाग पुन्हा लिहावा लागेल, दुसरा मार्ग नाही. लेखाचा उल्लेख इतिहास म्हणून किंवा टीकेसाठी करायचा असेल, तर तो करता येतो. मात्र सूचीतील नोंदीत ‘मागे घेतलेला लेख’ असे शब्द आणि मागे घेतल्याचे वर्ष आले पाहिजे. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा ‘द लॅन्सेट’मधील १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, आज त्याचा निर्देश करणाऱ्याने ही दोन्ही वर्षे देणे आवश्यक आहे. सादर करण्याआधी सूचीतील महत्त्वाचे लेख, मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या माहितीसंचात एकदा पडताळून घ्या. तो सर्वांसाठी खुला आहे, आणि झोटेरो तर त्याच्या आधारे अशा नोंदींवर आपणहून खूण करते.